जुन्या स्कॉट्स भाषेत ‘थोल’ म्हणजे सोसणे की परवानगी देणे?

दोन्ही. आणि तिसराही एक अर्थ आहे, खटल्याला उभं राहणं, तोही खराच. तुमची अडचण रास्त आहे: सोसणाऱ्याच्या हातात काहीच नसतं, परवानगी देणाऱ्याच्या हातात सगळं असतं, मग दोघांना एकच क्रियापद कसं चाललं?

स्कॉट्स ही स्कॉटलंडमधली, इंग्रजीची बहीण भाषा; मूळ शब्द जुन्या इंग्रजीतला ‘थोलियन’. भोगणं, कळ काढणं हा त्याचा मुख्य अर्थ. अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्लंडच्या, कायद्यांत मात्र तो ‘मुकणे’ या अर्थानेही येतो: अमुक गुन्हा केला तर माणूस जमिनीला किंवा मालमत्तेला मुकेल. त्याही मागे गेलं तर लॅटिन ‘तोलेरारे’ आणि संस्कृत ‘तुला’ ही त्याचीच भावंडं निघतात. उचलणं, पेलणं हा त्या धातूचा गाभा, म्हणजे आपलं ‘तोलणं’ही लांबून का होईना, त्याच घरचं.

दक्षिण इंग्लंडात फ्रेंचमधून आलेल्या ‘सफर’ (suffer) आणि ‘एन्ड्युअर’ (endure) या सोसणे अर्थाच्या शब्दांनी त्याला मागे सारलं. उत्तरेत आणि स्कॉटलंडमध्ये तो टिकला, नुसता टिकला नाही तर पसरला.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. जुन्या स्कॉट्समध्ये या क्रियापदाचं कर्म काय आहे ते बघा. ‘थोल पाइन’ म्हणजे यातना सोसणं, ‘थोल डीड’ म्हणजे मरण पत्करणं. ख्रिस्ताच्या यातनांबद्दल लिहिताना हेच क्रियापद येई. पण कर्माच्या जागी माणूस आणि पुढे त्याची कृती आली, उदाहरणार्थ ‘थोल हिम टु पास’, की अर्थ होतो ‘त्याला जाऊ दे’. दोन्हीकडे क्रिया एकच: समोर जे चाललंय ते न अडवणं. अडवायची ताकदच नसेल तर ते सोसणं. ताकद असून अडवलं नाही तर ती परवानगी. मधली पायरी आपण रोज बोलतो, ‘खपवून घेणं’. त्यामुळे पहिला अर्थ मेला आणि दुसरा जन्मला अशी शिडी इथे मांडू नये असं माझं मत आहे. अर्थ शेजारी-शेजारी नांदत होते, वाक्यात कर्म काय आणि कर्ता कोण आहे त्यावरून वाचणाऱ्याला बरोबर कळायचं.

कोर्टातला अर्थ यातूनच आला. ‘असाइझ’ म्हणजे ज्युरी, तिच्यापुढचा खटला. तो ‘थोल’ करायचा म्हणजे त्यातून जायचं, निकाल लागेल तो पत्करायचा. एकदा असा खटला भोगून झालेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नाही, या बचावाला स्कॉटिश कायद्यात ‘थोल्ड असाइझ’ म्हणतात. शब्दाचा हा गोठलेला तुकडा वकिलांच्या तोंडी अजून आहे. 2011 च्या डबल जेपर्डी (स्कॉटलंड) कायद्याने या नियमाला काही अपवाद केले. त्यांचा पहिला मोठा उपयोग अँगस सिंक्लेअरच्या बाबतीत झाला: 1977 मधल्या दोन तरुणींच्या खुनांचा त्याच्यावरचा खटला 2007 मध्ये कोसळला होता, 2014 मध्ये तो पुन्हा चालला आणि तो दोषी ठरला.

बोलीत मात्र ‘सोसणे’च जिंकलं. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या 1785 मधल्या उंदरावरच्या कवितेत नांगराने बीळ मोडलेलं ते जनावर हिवाळ्यातली पावसाची बर्फाळ भुरभुर ‘थोल’ करतं. स्कॉट लोकांबरोबर हा शब्द आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरलाही गेला. आयरिश कवी शेमस हीनी यांनी तो घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला होता आणि ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्याच्या 1999 च्या भाषांतरात त्यांनी तो मुद्दाम वापरला. ‘थोल अमेंड्स’ हा एक मिस्कील प्रयोगही आहे. एखाद्याबद्दल तसं म्हटलं की समजायचं, गडी सुधारायला भरपूर वाव आहे.

स्वतः शोधणार असाल तर स्कॉट्स भाषेचे कोश इंटरनेटवर फुकट आहेत. 1700 पर्यंतचा कोश वेगळा आणि त्यानंतरचा वेगळा, त्यामुळे दोन्हीत बघा. ‘थोल’ बरोबर ‘थॉइल’ असंही स्पेलिंग सापडेल. तिथला ‘आय’ फक्त स्वर दीर्घ असल्याची खूण आहे. आणि होडीचं वल्हं अडकवायच्या खुंटीलाही ‘थोल’च म्हणतात. ते नाम आहे, त्याचा या क्रियापदाशी काही संबंध नाही.