रुग्ण घरीच डायलिसिस करतो, मग नर्स कशाला?

सप्रेम नमस्कार,

तुमची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे तिला पेरिटोनियल (पोटातून होणारं) डायलिसिस आणि किडनीच्या रुग्णांची देखभाल यांचं खास प्रशिक्षण घ्यायचं आहे, आणि तुम्हाला ते पटत नाही. तुम्ही लिहिता, ‘हे डायलिसिस रुग्ण घरी बसून स्वतः करतो. ना मोठं यंत्र, ना सुई. नर्सला काम काय उरलं? त्यापेक्षा तिने आयसीयूत जावं.’

रुग्ण स्वतः करतो हे खरंच आहे. पण त्याला शिकवतं कोण? पोटात मऊ नळी बसवायची आणि उपचार ठरवायचे, हे डॉक्टरांचं काम. त्यानंतर रुग्णाला स्वतःच्या पायावर उभं करते ती नर्स. साधारण दोन लिटर द्रव पोटात सोडायचा, तो काही तास आत ठेवायचा, रक्तातली घाण आणि जादा पाणी पोटाच्या आतल्या आवरणातून त्यात उतरलं की तो काढून नवा भरायचा. हे दिवसातून साधारण चार वेळा, रोज, सणवार न पाहता. काही जणांसाठी रात्री झोपेत हेच काम सायकलर नावाचं यंत्र करतं. तेही नर्सच शिकवते.

यातली मेख जोडणीत आहे. पिशवी नळीला जोडताना टोकाला बोट लागलं, मास्क लावायचा राहिला, हात ओलेच राहिले, की जंतू थेट पोटात. ही पद्धत १९७६ मध्ये मांडली गेली तेव्हा द्रव काचेच्या बाटल्यांतून यायचा आणि पोटातला संसर्ग, म्हणजे पेरिटोनायटिस, वारंवार व्हायचा. पुढे प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, मग आधी नळी धुऊन घेऊन नंतरच द्रव पोटात सोडायची जोडणी आली आणि संसर्ग बराच घटला. आंतरराष्ट्रीय पेरिटोनियल डायलिसिस सोसायटीच्या २०२२ च्या सूचनांनुसार केंद्राने हे प्रमाण एका रुग्णामागे वर्षाला ०.४ च्या वर जाऊ देऊ नये. म्हणजे सरासरी अडीच वर्षांत एकदा. हा आकडा राखण्यात शिकवणाऱ्या नर्सचा वाटा फार मोठा असतो.

म्हणून या प्रशिक्षणाचा गाभा शिकवणं हाच आहे. समोरचा सत्तरीचा असेल, हात थरथरत असतील, नजर अधू असेल, अक्षरओळख नसेल, किंवा ‘आता आयुष्यभर हेच’ या विचाराने तो काही ऐकतच नसेल. त्याला नुसतं सांगून भागत नाही. करून दाखवायचं, त्याच्याकडून करवून घ्यायचं, चुकला की तिथेच थांबवायचं, आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं. कारण सवय झाली की माणसं पायऱ्या गाळतात.

मग एक दिवस फोन येतो, ‘सिस्टर, पाणी गढूळ आलंय.’ पोट दुखतंय का, ताप आहे का, जोडताना काही सुटलं होतं का, हे नर्स पटापट विचारते आणि सांगते, ‘ती पिशवी टाकू नका, घेऊन लगेच या.’ नमुना लॅबला जातो. एका मायक्रोलिटरमध्ये शंभराहून जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यात निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असतील, तर संशयाला बळ येतं. मात्र नमुने घेतले की अँटिबायोटिक सुरू होतं, रिपोर्टसाठी थांबत नाहीत. उशीर झाला तर नळी काढावी लागू शकते, जिवावरही बेतू शकतं. दुसरा फोन असतो ‘पाणी नीट उतरत नाही’ असा. तेव्हा अनुभवी नर्स आधी विचारते, पोट साफ होतं का? हसू नका. बद्धकोष्ठ हे त्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.

डायलिसिसच्या आधीची देखभालही तिच्या शिक्षणात येते: रक्तदाब, सूज, वजन, मीठ, वेदनाशामक गोळ्यांचा धोका, पुढे लागतील म्हणून हाताच्या शिरा जपणं. कोणतं डायलिसिस निवडायचं, यावर रुग्ण डॉक्टरांसमोर मान डोलावतो आणि खरे प्रश्न नर्सला विचारतो.

आता तुमच्या काळजीतला बरोबर भाग. जगभरात डायलिसिसवरच्या रुग्णांपैकी साधारण दहात एकच या प्रकारावर असतो, त्यामुळे जागा मोजक्या. हाँगकाँगमध्ये १९८५ पासून हाच पहिला पर्याय धरला जातो आणि तिथे बहुसंख्य रुग्ण यावर आहेत. पण असं धोरण सगळीकडे नाही. म्हणून माझा सल्ला असा, की आधी वॉर्डचा अनुभव घ्यावा, मग हिमोडायलिसिस, म्हणजे यंत्रातून रक्त शुद्ध करण्याची पद्धत, शिकावं आणि त्यावर हे कौशल्य चढवावं. दोन्ही येणारी नर्स कुठेही अडत नाही. दुसरं, फोन रात्रीही येतात, आणि वर्षानुवर्षं ओळखीचा झालेला रुग्ण गेला की घरचं माणूस गेल्यासारखं होतं. हे तिला आधीच माहीत असलेलं बरं.

कोर्स निवडताना प्रमाणपत्राच्या नावावर जाऊ नका. केंद्रात या डायलिसिसवर किती रुग्ण आहेत, त्यांचा पेरिटोनायटिसचा दर किती, शिकणाऱ्या नर्सला स्वतः रुग्ण शिकवायला मिळतो की नुसतं बघायला, आणि रुग्णाच्या घरी नेतात का, एवढं विचारा. आपला दर सांगायला कां-कू करणारं केंद्र मी तरी यादीतून काढेन.

आणि प्रवेशाआधी तिथली सिस्टर एखाद्या रुग्णाला शिकवत असताना मुलीला मागे बसू देतील का, हेही बघा. तीच जोडणी पाचव्यांदा समजावताना बघून तिला कंटाळा आला, तर आयसीयूबद्दल आपण जरूर बोलू.