बॅटरी संशोधनात टेस्टिंग हे दुय्यम काम आहे का?

तुम्ही विचारलंय की रसायनशास्त्रात एमएस्सी झालंय, बॅटरीत करिअर करायचंय, पण 'नवीन मटेरियल शोधतो तो शास्त्रज्ञ, बाकीचे नुसते टेस्टिंगवाले' असं सगळे सांगतात, ते खरं का? आणि पीएचडी लागतेच का?

पहिलं साफ चूक आहे. हे वाक्य मी वर्षानुवर्षं तोंडावर ऐकलंय, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

पीएचडीनंतर मी ज्या गटात होते तिथे मँगनीजच्या कॅथोडवर, म्हणजे सेलच्या धन इलेक्ट्रोडवर, काम चालायचं. मँगनीज मुबलक, कोबाल्टपेक्षा कितीतरी स्वस्त, व्होल्टेजही चांगलं. आमचा एक नमुना गटात फार गाजत होता. कॉइन सेलमध्ये, म्हणजे नाण्याएवढ्या छोट्या सेलमध्ये, समोर लिथियम धातूची चकती लावली की चार्ज-डिस्चार्जच्या शेकडो सायकलनंतरही त्याची कपॅसिटी जवळपास हलत नव्हती. पेपर लिहून तयार होता. मी म्हटलं, एकदा समोर ग्राफाइट लावून फुल सेल करून बघू, कारण लोक जे सेल वापरतात त्यात लिथियमची चकती नसते. सर म्हणाले, "ते टेस्टिंग झालं. त्यात सायन्स काय आहे?"

तरी मी सेल बनवले. कॅथोड तोच, इलेक्ट्रोलाइट (दोन्ही इलेक्ट्रोडमधलं द्रावण) तोच, समोर फक्त ग्राफाइट. कपॅसिटी सुरुवातीपासूनच उतरू लागली आणि 55 अंशांवर ओव्हनमध्ये ठेवलेल्या सेलनी तर लगेचच मान टाकली. त्यातला एक पूर्ण चार्ज करून ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे हवाबंद पेटीत, उघडला. ग्राफाइट लिथियमने पूर्ण भरलं की चक्क सोनेरी दिसतं, अर्धं भरलेलं तांबूस, त्याहून कमी असेल तर निळसर काळं. सायक्लर, म्हणजे सेल चार्ज-डिस्चार्ज करणारं यंत्र, सांगत होता की सेल पूर्ण चार्ज आहे, आणि माझ्या चिमट्यातल्या इलेक्ट्रोडवर सोनेरी ठिपकासुद्धा नव्हता. कडेला थोडी तांब्याची झाक, बाकी सगळं काळपट. तोच तुकडा विश्लेषणाला पाठवला तर त्यात मँगनीज सापडलं. ग्राफाइटमध्ये आम्ही मँगनीज घातलेलंच नव्हतं.

इलेक्ट्रोलाइटमधल्या क्षाराची अगदी किंचित ओलाव्याशी गाठ पडली तरी हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं. ते आम्ल कॅथोडमधलं मँगनीज विरघळवतं, मग हे मँगनीज पलीकडे जाऊन ग्राफाइटवर बसतं आणि तिथला संरक्षक थर बिघडवतं. थर पुन्हा पुन्हा वाढतो आणि दर वेळी थोडं लिथियम कायमचं गिळतो. हाफ सेलमध्ये, म्हणजे समोर लिथियमची चकती लावलेल्या सेलमध्ये, हे दिसत नाही, कारण तिथे लिथियमचा ढीग असतो. बँकेत दहापट शिल्लक असलेल्या घरात रोजची गळती कुणाच्या लक्षात येते? फुल सेलचा आलेख पेपरात गेला नाही. मी मात्र पुढची बरीच वर्षं त्याच विरघळण्यावर काम केलं. आता सांगा, यात सायन्स नाही तर कशात आहे?

लिथियम-आयनचा इतिहासच बघा. 1980 मध्ये ऑक्सफर्डला शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या गटाने कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड दाखवला. पण हातात धरता येईल अशी बॅटरी झाली ती 1985 च्या सुमारास अकिरा योशिनो यांनी त्याच्यासमोर कार्बन लावला तेव्हा. बाजारात ती 1991 मध्ये आली. योशिनोंनी सेलवर जड लोखंड पाडून तो पेट घेतो का हे तपासलं होतं. तेही 'टेस्टिंग'च. 2019 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये व्हिटिंगहॅम आणि गुडइनफ यांच्या बरोबरीने त्यांचंही नाव आहे. कॅनडात डलहौसी विद्यापीठातले जेफ डान यांनी तर चार्ज किती गेला आणि किती परत आला हे अतिशय अचूक मोजण्यासाठी खास उपकरणं उभी केली. का? मोजकंच लिथियम असलेल्या सेलमध्ये दर सायकलला 99.9 टक्के परत येत असेल तर साध्या हिशेबाने 1000 सायकलनंतर 37 टक्केच उरतं. 99.99 टक्के असेल तर 90. दशांशचिन्हापुढच्या दुसऱ्या घरात सगळा खेळ आहे.

म्हणून एखाद्या गटात जाण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा: फुल सेल करता का, इलेक्ट्रोडवर दर चौरस सेंटिमीटरला किती मटेरियल लावता, बिघडलेल्या सेलचं काय करता? एक-दोन मिलिग्रॅमच्या पातळ थरावर सगळंच मटेरियल देखणं दिसतं. आणि शेवटच्या प्रश्नावर 'टाकून देतो' असं उत्तर आलं तर तिथे जाऊ नका.

नवीन मटेरियल शोधणारे कमी दर्जाचे, असं मी म्हणत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट 1997 मध्ये गुडइनफ यांच्याच गटातून आलं आणि आज गाड्यांपासून ग्रिडच्या साठवणुकीपर्यंत सगळीकडे आहे. पण तेही मूळ रूपात वीज नीट वाहून नेत नव्हतं. कण बारीक करून, वर कार्बनचा लेप देऊन ते चालतं केलं, तेव्हा त्याचं चीज झालं.

पीएचडीचं म्हणाल तर संशोधनाची दिशा तुम्हाला ठरवायची असेल तर करा, तिथे ती मागतातच. स्लरी (मटेरियलचं दाट मिश्रण), कोटिंग (त्याचा थर देणं), फॉर्मेशन (सेलचं पहिलं चार्जिंग) या उत्पादनाच्या बाजूला जायचं असेल तर लागत नाही, ते काम लाइनवर उभं राहूनच येतं. पगार आणि शिष्यवृत्त्यांबद्दल इतर कुणीतरी लिहा.