तापीकाठची जुनी टोपोशीट आजच्या नकाशावर कशी बसवायची?

भुसावळ भागाची एक इंचाला एक मैल प्रमाणाची जुनी टोपोशीट (सर्वेक्षणाचा तपशीलवार नकाशा) क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवून तापीचं पात्र किती सरकलं ते पाहायचंय, असं तुम्ही विचारलंय. जमतं. फक्त नदीचं वळण किंवा संगम धरून शीट बसवू नका. जे मोजायचं तेच स्थिर मानलं तर फरक दिसणार कुठून?

आधी शीटच्या कडेचा समास वाचा. भुसावळची शीट ४६ ओ/१६, तिच्या पश्चिमेला जळगावची ४६ ओ/१२. खाली सर्वेक्षणाचं आणि छपाईचं अशी दोन सालं असतात. नदी सर्वेक्षणाच्या सालातली. जिल्हा 'पूर्व खानदेश' छापला असेल तर शीट १९०६ नंतरची.

इस्त्री आणि लॅमिनेशन दोन्ही नको. सपाट काचेच्या स्कॅनरवर तुकड्यांत, ३०० डीपीआयला स्कॅन करा. एक पिक्सेल जमिनीवर साधारण ५.४ मीटर येतो, तेवढं पुरे. मोबाइलचा फोटो कडांना ताणला जातो.

अक्षांश-रेखांशांच्या रेघा दर ५ मिनिटांनी असतात. त्यांचे चारही कोपऱ्यांसह १६ छेद जुळणीचे बिंदू म्हणून घ्या आणि त्यांची सीआरएस, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याची पद्धत, कल्याणपूर १९७५ (जुन्या भारतीय नकाशांची) द्या. इथे डब्ल्यूजीएस ८४ (आजच्या जीपीएसची पद्धत) ठेवलं की अख्खी शीट एका अंगाला सरकते आणि लोक तापीच सरकली म्हणतात! रूपांतर आधी पॉलिनोमिअल १ (शीट न वाकवता बसवणारं) वापरा. एखाद्या बिंदूची चूक इतरांपेक्षा बरीच जास्त आली तर तिथे घडी किंवा आकसलेला कागद असतो. थिन प्लेट स्प्लाइन हे रूपांतर शीट प्रत्येक बिंदूपाशी ओढून बसवतं आणि सगळ्या चुका शून्य दिसतात, म्हणून सुरुवातीला ते टाळा. मग रेल्वेचा पूल, जुनं देऊळ, टेकडीवरचा त्रिकोण (सर्वेक्षणाच्या ठाण्याची खूण) यांवर पडताळा घ्या.

आता पात्र. काळ्या रेघेचा नाला पावसाळ्यानंतर कोरडा, निळ्यात पाणी, ठिपके म्हणजे वाळू. दरडीजवळ (नदीच्या उभ्या काठाजवळ) आकड्यापुढे 'आर' असेल तर ती दरडीची फुटांतली उंची, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. तापीवरच्या हतनूर धरणाच्या वरच्या अंगाला दिसणारा फरक बहुतेक धरणाच्या फुगवट्याचा, तो मोजणीतून वगळा. नकाशावरची अर्धा मिलिमीटर जाड रेघ जमिनीवर ३२ मीटर होते, त्यामुळे त्याहून कमी सरकणं मोजण्यात अर्थ नाही. आणि आखताना दरडीची वरची कड आखा. पाण्याची कड महिन्यागणिक बदलते, उपग्रहाच्या चित्रातही.