आजोबांच्या ट्रंकेत निघालेले चारशे चांदीचे रुपये योग्य भावात कसे विकावेत?

तुम्ही लिहिलंय की ट्रंकेत चारशेच्या आसपास रुपये निघाले, बहुतेक राणीछाप आणि राजाछाप, आणि सराफ म्हणतो, "एक रुपया म्हणजे एक तोळा, चारशे तोळ्यांचे पैसे घेऊन जा." हा व्यवहार करू नका. बाकीचं उत्तर सवडीने वाचा.

एक रुपया म्हणजे एक तोळा, हे वाक्य खोटं नाही. १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरला आणि १८३५ पासूनचा कंपनीचा रुपया बरोब्बर त्याच वजनाचा पाडला गेला. म्हणजे ११.६६ ग्रॅम. ऐंशी रुपये म्हणजे एक शेर, म्हणून तर घराघरांत वजनाच्या जागी रुपये ठेवून सोनं-चांदी जोखायचे. पण आज दुकानातला तोळा दहा ग्रॅमचा आहे. जुन्या तोळ्याने मोजायचं आणि नव्या तोळ्याने पैसे द्यायचे, यात नाण्यामागे दीड ग्रॅमच्या वर चांदी गिऱ्हाइकाच्या पदरातून जाते. "पूर्वापार असंच चालतं" हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकून घ्यायचीही इच्छा नाही. तोच दुकानदार तुम्हाला तोळाभर चांदी विकताना ११.६६ ग्रॅम देतो का? नाही ना? मग घेताना दहा ग्रॅम का?

आकडेच मांडतो. हिशेबाच्या सोयीसाठी शुद्ध चांदी किलोला १,००,००० रुपये धरू. आजचा दर तुम्ही घाला. वापरातली नाणी थोडी झिजलेली असतात, सरासरी ११.५५ ग्रॅम धरा. चारशे नाणी म्हणजे ४ किलो ६२० ग्रॅम. टंच, म्हणजे शंभर भागांतली शुद्ध चांदी, ९१.६७; बावीस कॅरेट सोन्याला जो आकडा तोच. शुद्ध चांदी झाली सुमारे ४ किलो २३५ ग्रॅम, किंमत ४,२३,५००. तोळ्याच्या हिशेबाने वजन धरलं ४ किलो, किंमत ३,६६,७००. सत्तावन्न हजारांच्या आसपास गेले, आणि वितळवताना होणाऱ्या तुटीपोटी कापतात ती घट अजून धरलेलीच नाही. त्यावर कोणी "जुनी नाणी ऐंशी टंचाचीच असतात" म्हणाला तर ३,२०,००० हातात येतात. लाखाच्या वर फरक, आणि तुमच्या एकाही नाण्यात खोट नसताना.

म्हणून नग मोजून विकायचं नाही, ग्रॅमवर विकायचं. ०.०१ ग्रॅमचा काटा घरी आणा, फार महाग नसतो. पन्नास-पन्नासचे ढीग करा. कोऱ्या पन्नास रुपयांचं वजन ५८३ ग्रॅम. एखादा ढीग ५७० च्या खाली गेला तर त्यातलं एकेक नाणं वेगळं तोला. काही तरी हलकं, घासलेलं किंवा बनावट आहे.

पण त्याआधी साल बघा, कारण खरी गफलत तिथेच होते. १८३५ पासून १९३९ पर्यंतचे ब्रिटिश रुपये ९१.६७ टंचाचे. १९४० ते १९४५ चे सहाव्या जॉर्जचे रुपये वजनाने तेवढेच, पण निम्मीच चांदी. बाकी तांबं, निकेल आणि जस्त. १९४७ च्या वाघाच्या रुपयात तर चांदीच नाही, तो निकेलचा आहे, लोहचुंबकाला चिकटतो. हे तीन ढीग घरीच वेगळे करा. सगळं एका पिशवीत घेऊन गेलात तर समोरचा नेमका १९४४ चा रुपया उचलून मशीनवर ठेवतो आणि पन्नासचा टंच अख्ख्या पिशवीला लावतो. अधेली, पावली, चवलीचेही सालानुसार वेगळे ढीग.

मराठवाड्यातल्या घरांतून निजामाचा चारमिनारवाला हाली शिक्का निघतो. तो ११.१८ ग्रॅमचा आणि ८१.८ टंचाचा, शेवटच्या वर्षांतला तर पन्नासचाच. गोव्याकडे पोर्तुगीज रुपिया निघतो. १८८१-८२ चा लुईस राजाचा असेल तर वजन आणि टंच ब्रिटिश रुपयासारखेच. यांना राणीछापात मिसळू नका.

शंका असेल त्या नाण्याची परीक्षा पाण्यात होते. काट्यावर अर्धा ग्लास पाणी ठेवा, काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच झटका. ११.६६ ग्रॅमच्या अस्सल रुपयाला काटा १.१३ च्या आसपास दाखवतो. पन्नास टंचाच्या रुपयाला १.२२. मुलामा दिलेलं पितळी नाणं १.३५ च्याही पुढे जातं. सराफाचं एक्सआरएफ मशीन, म्हणजे क्ष-किरणांनी टंच मोजणारं यंत्र, फक्त वरचा थर वाचतं. जाड मुलामा असेल तर ते फसतं आणि माळेत ओवायच्या कडीच्या डागावर, म्हणजे झाळणाच्या जोडावर, धरलं तर टंच कमी दाखवतं. पाणी पूर्ण नाणं तपासतं. माळेतली कडी डागलेली नाणी मात्र बाजूलाच ठेवा. त्यांना टंचही कमी मिळतो आणि संग्राहकही हात लावत नाही.

नाणी घासू नका. चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट, काहीही नको. काळपट झाक म्हणजे मळ नव्हे. घासलेल्या नाण्यावर बारीक ओरखडे उठतात आणि ते संग्राहकाला भिंगातून लगेच दिसतात. मोडीत त्याने फरक पडत नाही, पण संग्राहकाकडून मिळणारी वरची किंमत गेली म्हणून समजा.

वरची किंमत कशाला असते? तुमच्या लॉटमधली बहुतेक नाणी मोडीच्या भावाचीच असतील, उगाच स्वप्नं नकोत. १९१२ ते १९२० चे पाचव्या जॉर्जचे रुपये ढिगाने मिळतात. १९११ चा वेगळा काढा; त्यात राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला आणि पुढच्या वर्षी चित्र बदलावं लागलं. चौथ्या विल्यमचे १८३५ चे आणि १८४० चे राणीछाप वेगळे. १८६२ हे साल तसंच ठेवून टांकसाळींनी पुढे बरीच वर्षं नाणी पाडली, त्यांत ठिपक्यांचे अनेक प्रकार आहेत. ती जाणकाराला दाखवा. १९३९ चा रुपया निघालाच तर तो कोणत्याही तराजूत टाकू नका. तो फार दुर्मिळ आहे, म्हणूनच त्याच्या नकलाही फार. ज्या नाण्यांवर मुकुटाची आणि केसांची नक्षी अजून धारदार आहे, तीही बाजूला काढा.

आता सराफाकडे. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा त्या दिवसाचा ९९९ चांदीचा दर फोनवर उघडा ठेवा. तीन दुकानांत एकच प्रश्न विचारा: "या दरावर शुद्ध वजनाला किती टक्के घट धराल?" दोन-तीन टक्के मला रास्त वाटते. पाचच्या पुढे गेला तर पिशवी उचला. एक चलाखी ओळखून ठेवा: आधी टंच लावून शुद्ध वजन काढतात आणि मग त्याला "जुन्या चांदीचा" दर लावतात, जो मुळातच घट धरून कमी केलेला असतो. घट दोनदा गेली. आणि भाव कागदावर येईपर्यंत एकही नाणं वितळवायला मुशीत जाऊ देऊ नका. लगड झाल्यावर तुमचे रुपये किती टंचाचे होते हे सांगायला काही उरत नाही, मग लगडीचा टंच निघेल तो तुमचा. मोठा लॉट एका दिवसात देऊ नका. पन्नास नाण्यांपासून सुरुवात करा आणि पावतीवर नग, एकूण वजन, टंच, दर, घट हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या.

जीएसटीच्या नावाखाली कापू लागले तर नकार द्या. घरची चांदी विकणाऱ्या खासगी माणसाकडून तो कापायचा नसतो. पैसे बँकेतून घ्या. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेता येत नाही, आणि तुकडे पाडून एकाच दिवशी घेतलेलीही चालत नाही. नफ्यावर कर आहे, पण २००१ च्या आधीपासून घरात असलेल्या चांदीला १ एप्रिल २००१ चा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो.

हे आधी सांगायला हवं होतं: आजोबांच्या नाण्यांवर आत्या-काकांचाही हक्क असेल, तर त्यांची लेखी संमती घेतल्याशिवाय विकू नका. नाणी ट्रंकेत नसून भिंतीत किंवा जमिनीत सापडली असतील तर प्रकरण वेगळं, १८७८ च्या निखात निधीच्या (पुरलेल्या धनाच्या) कायद्याने आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि वाटणीतली नाणी परदेशातला भाऊ बॅगेतून नेणार असेल तर त्याला थांबवा. शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. त्याच्या वाट्याचे पैसे करून पाठवा.