गर्व चढतो, अभिमान वाटतो

वानवडीच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांची मुलगी सी.ए. झाली, म्हणून येत्या रविवारी चर्चमध्ये तिचं कौतुक आहे. तिच्या भावानं कार्डासाठी ओळ लिहिली, ‘आम्हांला तुझा गर्व आहे.’ आजी म्हणाल्या, शास्त्रात गर्वाला पाप म्हटलंय, तो शब्द काढ. तेवढ्यात जबलपूरच्या जाऊबाईंनी त्यांचं हिंदी बायबल उघडलं. याकोबाच्या पत्रात (४:६) देव ‘अभिमानियों’ना विरोध करतो असं आहे आणि मराठीत त्याच जागी ‘गर्विष्ठांना’. मग पाप नक्की कशाला म्हणायचं, गर्वाला की अभिमानाला?

आजी बरोबर आहेत आणि जाऊबाईंचं बायबलही चुकलेलं नाही. दोन्ही शब्द संस्कृतातून आले, पण हिंदीत आणि मराठीत त्यांचे स्वभाव वेगळे झाले. हिंदीत ‘मुझे गर्व है’ हे कौतुक आणि ‘अभिमानी’ ही निंदा. मराठीत नेमकं उलट. मूळ संस्कृतात अभिमानाची बाजू पडतीच होती. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीच्या यादीत दंभ आणि दर्प यांच्या पाठोपाठ तो येतो. त्या जुन्या अर्थाची खूण मराठीतही आहे: देहाभिमान वाईटच, आणि एखाद्या थोर माणसाला आपण ‘निरभिमानी’ म्हणून गौरवतो. पण रोजच्या मराठीत अभिमान इतका चांगला झाला, की वाईट अर्थ हवा असेल तर त्याला ‘दुर्’ जोडून ‘दुरभिमान’ करावा लागतो. ‘दुर्गर्व’ असा शब्द मात्र कोणी केला नाही. तशी गरजच पडली नाही.

हल्ली चौकाचौकातल्या फ्लेक्सवर ‘गर्व आहे पुणेकर असल्याचा’ असं वाचायला मिळतं. ते हिंदीतून आलेलं आहे आणि मला ते खुपतं. कारण मराठीनं इथे एक फार मोलाचा भेद जपला आहे आणि तो आपण हातानं पुसतो आहोत.

हा भेद क्रियापदांत बघा. अभिमान वाटतो, असतो, बाळगला जातो, कधी दुखावतो. गर्व होतो, चढतो आणि मग उतरतो, जिरतो. गर्वाचं घर खाली, गर्वाचं हरण. ‘त्याचा अभिमान जिरला’ असं मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. म्हणजे मराठी माणसाच्या मनात गर्व ही वर चढण्याची गोष्ट आहे, आणि चढलेलं खाली येणार हे क्रियापदानंच ठरवून ठेवलं आहे.

बायबलचा विचार याच्या अगदी जवळचा आहे. नीतिसूत्रांत (१६:१८) नाशाच्या आधी गर्व येतो असं म्हटलंय, तिथे मूळ हिब्रू शब्द आहे ‘गाओन’. त्याचा धातू उंच होणं, उसळून वर येणं या अर्थाचा. गंमत नव्हे, मोठा अर्थ आहे यात: हाच ‘गाओन’ देवाच्या प्रतापासाठीही वापरतात. यशयाच्या दुसऱ्या अध्यायात माणसं देवाच्या ‘गाओन’पुढे खडकांत लपतात आणि त्याच धातूचा शब्द गर्विष्ठ माणसाला लावलेला आहे. तिथे लबानोनचे गंधसरू, उंच डोंगर, उंच बुरूज असं जे जे उंच ते सगळं नमवलं जातं आणि त्या दिवशी परमेश्वर एकटाच उंच राहतो. मराठीत देवाकडे प्रताप किंवा वैभव जातं, माणसाकडे गर्व. शब्द वेगळे झाल्यामुळे आपल्याला दिसत नाही, पण हिब्रूत उंची एकच आहे आणि ती देवाची आहे. माणसानं ती अंगावर घेतली की तिचा गर्व होतो.

दानीएलाच्या चौथ्या अध्यायात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर राजवाड्याच्या गच्चीवर फिरत असतो. हे थोर बाबेल मी माझ्या बळानं, माझ्या वैभवासाठी बांधलं, असं म्हणतो. शब्द तोंडात असतानाच राज्य जातं आणि तो बैलासारखा गवत खातो. पुढे तो आकाशाकडे डोळे लावतो, तेव्हा त्याची बुद्धी परत येते, आणि राज्यही परत मिळतं, वैभव आधीपेक्षा वाढतं. म्हणजे बाबेल बांधणं हा दोष नव्हता. मोडला तो ‘मी’ आणि ‘माझ्यासाठी’. त्या गोष्टीत देवासाठी मराठी बायबलमध्ये ‘परात्पर’ येतो, जे पर त्याच्याही पर. प्रवचनांत ‘सार्वभौम’ जास्त ऐकू येतो, पण तो राज्यघटनेच्या उद्देशिकेतला, सर्व भूमीवरच्या सत्तेचा शब्द. उंचीचा अर्थ परात्परातच नीट उतरतो.

याच राजाबद्दल पाचव्या अध्यायात (५:२०) अरामीत, म्हणजे त्या अध्यायाच्या मूळ भाषेत, जो गर्वाचा शब्द आहे, त्याचा धातू हिब्रूत उकळण्यासाठीही येतो. उत्पत्ती या पुस्तकात याकोब जे कालवण शिजवतो, तिथे हाच धातू. म्हणजे गर्व म्हणजे उकळून कडांबाहेर येणं. यासाठी आपल्या व्रताच्या कहाण्यांत तयार मराठी आहे: ‘उतू नको, मातू नको.’ गॅसवरचं दूध बघा. साय धरते, मधोमध फुगते, क्षणभर पातेल्याहून उंच दिसते आणि पुढच्या क्षणी शेगडी विझवून खाली सांडते. गर्वासाठी याहून नेमकं क्रियापद मला सापडलेलं नाही. पंडिता रमाबाईंनी इथून जवळच, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याच्या थोडं आधी ते काम पुरं झालं. ‘उतणं-मातणं’ ही त्याच बायकांच्या चुलीपाशी बोलली जाणारी मराठी.

‘ताठ मान’ हीसुद्धा अशीच उलटलेली. आपण ताठ मानेनं जगा म्हणतो, आणि बायबलच्या निर्गम या पुस्तकात ‘ताठ मानेचे लोक’ हा देवाचा राग आहे, जू घ्यायला मान न वाकवणाऱ्या बैलावरून आलेला. संदर्भ न पाहता प्रवचनात वापरली तर ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो.

राहिला अभिमान. मराठी बायबलमध्ये तो टाकलेला नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात (१:३१) अभिमान बाळगणाऱ्यानं तो परमेश्वराविषयी बाळगावा असं आहे, आणि रोमकरांत तर पौल संकटांचाही अभिमान बाळगतो. तेच ग्रीक क्रियापद स्वतःच्या कर्मांविषयी येतं, तेव्हा इफिसकरांत (२:९) मराठीत ‘आढ्यता’ होते. आढ्य म्हणजे श्रीमंत. मिळालेलं स्वतःच्या खात्यावर मांडतो तो.

तेव्हा ताई, मुलाला सांगा, कार्डावर ‘तुझा आम्हांला अभिमान वाटतो’ असं लिही. नुसतं ‘गर्व’ खोडून ‘अभिमान आहे’ केलं तरी चूक नाही, पण ‘वाटतो’ ठेवा. जाऊबाई हिंदीत कार्ड लिहिणार असतील, तर त्यावर मात्र ‘गर्व’च राहू द्या.