उंदराला सतत दुखतंय हे कळतं कसं?

'उंदीर बोलत नाही, मग त्याला सतत दुखतंय हे कशावरून? आणि त्यातून व्यसनाबद्दल काय कळणार?' असं तुम्ही विचारलंय. याला बहुतेकांचं ठरलेलं उत्तर म्हणजे फॉन फ्राय तंतू, म्हणजे ठरावीक दाबाला वाकणारे नायलॉनचे तंतू. माझ्या मते ते अर्धंच उत्तर आहे.

रॅटला (प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराला) जाळीवर अर्धा तास रुळू द्यायचं. खालून नायलॉनचा तंतू तळव्याला काटकोनात टेकवून जरासा वाकेपर्यंत दाबायचा, ६-८ सेकंद धरायचा. सुरुवात २ ग्रॅम दाबाच्या तंतूपासून. पाय झटकला तर पुढचा तंतू हलका, नाही तर जड. १५ ग्रॅमला थांबायचं. चालताना उचललेला पाय मोजायचा नाही. पावसाळ्यात नायलॉन दमट होतं आणि आकडे घसरतात, तेव्हा तंतू आधी वजनकाट्यावर दाबून तपासा.

एवढं करून हाती लागतं ते पाय झटकणं. त्याला मज्जारज्जू पुरतो, मेंदू लागत नाही. आमच्या क्षेत्रात याच आकड्यांवर 'वेदनाशामक सापडलं' म्हणून मोकळे होणारे कमी नाहीत, आणि माझं भांडण त्यांच्याशी आहे.

२००९ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठात फ्रँक पोरेका यांच्या गटाने वेगळी वाट धरली. मज्जातंतूला इजा केलेल्या रॅटना सकाळी एका कप्प्यात सलाइन आणि किमान चार तासांनी दुसऱ्या कप्प्यात मज्जारज्जूपाशी क्लोनिडीन हे वेदना शमवणारं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी औषध न देता दारं उघडी ठेवली. इजा झालेले रॅट क्लोनिडीनच्या कप्प्यात रेंगाळले. नुसती चीर देऊन शिवलेले नाही. म्हणजे आधी दुखत होतं. इथे मॉर्फिनचं इंजेक्शन देऊन चालत नाही, कारण ते धडधाकट रॅटलाही आवडतं आणि निकाल वाचता येत नाही.

व्यसनाचा धागा इथेच आहे. २०१२ मध्ये त्याच गटाने रॅटच्या चीर दिलेल्या पायाचा मज्जातंतू लिडोकेनने बधिर केला, तर न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स या मेंदूतल्या बक्षिसाच्या केंद्रात डोपामीन हे रसायन वाढलं. मादक औषधांनी वाढतं तेही तिथेच. नुसतं दुखणं थांबणं हेच मेंदूला बक्षीस वाटतं. तेव्हा वेदनाशामक गोळीसाठी तगमगणाऱ्या रुग्णाला सरसकट 'व्यसनी' म्हणू नका.

कप्प्यांच्या चाचणीतही खोट आहेच. दुखतंय एवढं ती सांगते, किती ते सांगत नाही. पाय किती हलक्या दाबाला झटकतो, तो आकडा मात्र तंतूच देतो.