टँकमधल्या वनस्पतींसाठी दोन लाखांचं कर्ज काढू का?

प्रश्न: मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, अंबडला नोकरीला आहे. वय 42. हातात पगार 78 हजार, गृहकर्ज 31 लाख बाकी, हप्ता 29 हजार. पत्नी गृहिणी, दोन मुलं शाळेत. मेहुण्यांनी 6 × 2 × 2 फुटांचा फिश टँक दिलाय. त्यात जिवंत वनस्पती लावायच्या आहेत. खाली मॉन्टे कार्लो या बुटक्या रोपाचं कार्पेट, मागे लाल रोटाला, सीओटू (रोपांसाठी पाण्यात सोडायचा कार्बन डायऑक्साइड), लाइट आणि अ‍ॅक्वासॉइल (टँकसाठीची कसदार माती) धरून 2 लाखांचं कोटेशन आलंय. त्यासाठी 14 टक्क्यांनी 3 वर्षांचं पर्सनल लोन घेतोय. अडीच लाखांची एफडी मोडायची नाही. बँकेतून घेतलेली पॉलिसीही (वर्षाला 1 लाख, 10 वर्षं, 20 वर्षांनी 20 लाख, विमा 10 लाख, 3 हप्ते भरले) पैसे दुप्पट करते म्हणून मोडायची नाही. कापलेली रोपं विकून महिन्याला 4 हजार सुटतील, असं दुकानदार म्हणतो. कार्पेट लावू की साध्या वनस्पती?

उत्तर: साध्या वनस्पती लावा आणि कर्ज काढू नका. पण तुमचं पत्र वाचताना मी अडलो ते कंसातल्या त्या 10 लाखांपाशी.

तुमचं काही बरंवाईट झालं तर 10 लाखांत गृहकर्जाचा तिसरा हिस्साही फिटत नाही. हप्ता आणि पॉलिसी वजा जाता घरखर्चाला महिना 40 हजार लागतात, म्हणजे वर्षाला पावणेपाच लाख. पंधरा वर्षांचे 70 लाख, त्यात कर्जाचे 31 मिळवा. तुम्हाला किमान एक कोटीचा विमा हवा. साठीपर्यंतचा टर्म प्लॅन (नुसता विमा, मुदतीअखेर पैसे परत नाहीत), तंबाखूचं व्यसन आणि मोठं आजारपण नसेल तर, वर्षाला वीस-पंचवीस हजारांच्या आसपास मिळायला हवा. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. वर्षाला लाख रुपये भरणाऱ्या माणसाला बँकेतल्या कुणीही हे सांगितलं नाही, याचा मला संताप येतो.

आता ‘दुप्पट’ बघू. दहा वर्षं लाख-लाख भरून विसाव्या वर्षाअखेर 20 लाख, हा परतावा साडेचार टक्क्यांचा आहे. तेच पैसे पीपीएफमध्ये भरले, मुदत वाढवून वीस वर्षं ठेवले आणि आजचा 7.1 टक्के दर टिकला, तर साडेएकोणतीस लाखांच्या घरात जातात. साडेचार टक्क्यांची पॉलिसी सांभाळायची आणि 14 टक्क्यांनी कर्ज काढायचं! त्या कर्जाचा हप्ता 6,800, आणि तीन वर्षांत 46 हजार नुसतं व्याज.

क्रम मात्र चुकवू नका. आधी टर्म प्लॅन घ्या, अर्जात शुगर-बीपी काहीही लपवू नका. तो हातात आल्यावरच जुन्या पॉलिसीला हात लावा. विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती, आणि पेडअप केली, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली, तर मुदतीअखेर किती. तीन हप्त्यांवर सरेंडर केल्यास मोठी कात्री लागते, त्यामुळे पेडअपचा आकडा नीट बघा. पेडअपमध्ये विमाही तीन लाखांच्या आसपास उतरेल, म्हणूनच टर्म प्लॅन आधी. सुटलेल्या लाखातून त्याचा हप्ता भरा, उरलेले पीपीएफला. एफडी मोडत नाही हे बरोबर आहे, अडीअडचणीला तेवढीच आहे.

आता टँक. 2 फूट खोल पाण्यात तळाच्या कार्पेटपर्यंत पुरेसा उजेड पोचवायला भारी लाइट लागतो; लाइट वाढवला की सीओटू वाढवावा लागतो, आणि दोन्हींचा मेळ चुकला की शेवाळ. एप्रिल-मेमध्ये नाशिकला पारा चाळिशीला टेकतो. तापलेल्या पाण्यात मॉन्टे कार्लो सडायला लागतं, मग पाणी गार करणारा चिलर आला. तुमच्या कोटेशनमध्ये चिलर नाहीच. अ‍ॅक्वासॉइलचा कसही दोनेक वर्षांत उतरतो.

मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया लावा. ती धावत्या फुटव्यांनी आपली आपण पसरते, बोअरच्या जड पाण्यातही तगते. मध्ये क्रिप्टोकोरिन, तिच्या काही जाती मूळच्या आपल्या सह्याद्रीतल्याच. लाकडावर अनुबियास आणि जावा फर्न दोऱ्याने बांधा. त्यांचा आडवा जाड कंद वाळूत पुरला की कुजतो, तो उघडाच राहू द्या. यांना सीओटू लागत नाही. साधी वाळू, मुळाशी खताच्या गोळ्या, मध्यम एलईडी, दिवसाला सात तास उजेड. सगळं मिळून तीसेक हजारांत बसवा आणि दिवाळीच्या बोनसमधून करा. टँकमध्ये 680 लिटर पाणी मावतं. काच, वाळू, स्टँड धरून वजन टनाच्या जवळ जाईल. फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल तर जागा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच ठरवा.

रोपं विकून येणारे 4 हजार हिशेबातून पुसून टाका. व्हॅलिस्नेरिया ज्याच्याकडे वाढते त्याच्याकडे एवढी वाढते की तो ती फुकट वाटतो. वाढलेली रोपं वाळवून कचऱ्यात टाका, नाल्यात किंवा गोदावरीत नकोत. पाणवेलींनी नदीचं काय केलंय ते आपण बघतोच आहोत. लावल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिप्टोकोरिनची पानं विरघळून गेल्यासारखी दिसतील. मूळ शाबूत असेल तर उपटू नका, नवी पानं येतात.